रेडकू किती दिवस पोसायचं आणि कधी विकायचं

प्रश्न असा आहे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या जवळ, सहा म्हशी. दूध डेअरीला जातं. गोठ्यात तीन नर: दोन रेडकं आठ-नऊ महिन्यांची आणि एक रेडा दोन वर्षं पुरी झालेला. जुलैच्या शेवटी दलाल येऊन तिघांचे मिळून ४२ हजार देतो म्हणाला. विकून मोकळं व्हावं, की मका-पेंड घालून ‘तयार’ करावं आणि नाताळाच्या तोंडावर विकावं? बियरच्या कारखान्यातला चोथा स्वस्तात मिळतो, तो घालावा का? दलाल टाळून थेट उसगावच्या कत्तलखान्यात नेता येईल का?

आधी थोडक्यात सांगतो. मोठा आत्ता विका, धाकटी दोन डिसेंबरपर्यंत ठेवा, मका कुणालाच घालू नका आणि तिघांचा एक सौदा तर मुळीच करू नका. आता कारणं.

जनावर पोसून विकणाऱ्याची सर्वात मोठी चूक म्हणजे तो जनावराकडे बघून ठरवतो. पाठ भरली, कातडी चकाकली, शिंगांना तेल लावलं की वाटतं, अजून महिनाभर घालू, अजून भरेल. भरेल हो, पण कितीला? आजच्या दिवसाचा चारा-आंबोणाचा खर्च घ्या, त्याला आज वाढलेल्या वजनाने भागा. येणारा आकडा म्हणजे तुमच्या गोठ्यात तयार झालेल्या शेवटच्या किलोची किंमत. ती विक्रीच्या दरापेक्षा कमी असेल तोवर जनावर तुमच्यासाठी राबतंय. ज्या दिवशी ती दराच्या वर गेली, त्या दिवसापासून तुम्ही त्याच्यासाठी राबताय. हे मला कळायला पाच रेडे आणि एक अख्खा उन्हाळा लागला.

ते पाच रेडे डिसेंबरात तीनशे किलोच्या आसपास होते. दलालाने बरा भाव दिला होता. मी म्हटलं, नाताळाला सगळेच विकतात, आपण ईस्टरला विकू, तेव्हा माल कमी असतो. माल कमी होता हे खरं. पण मध्ये ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ येतो, ख्रिस्ती घरांत मांस कमी शिजतं, आणि खाटीक त्या दिवसांत मोठं जनावर उचलायला नाखूश असतो. हे गोव्यात राहून मी विसरलो. इकडे फेब्रुवारीपासून हिरवं संपलं, पेंढा विकत, सुग्रास (तयार पशुखाद्य) विकत. एप्रिलमध्ये किलोमागे दहा रुपये जास्त मिळाले आणि घरात सगळे मला शाबासकी देत होते. मी वही उघडली. आजच्या दराने मांडायचं तर एका रेड्याला ११० दिवसांत सव्वातेरा हजारांचं घातलं आणि त्यातून नऊ हजारांचं काढलं. डोक्यामागे चार हजारांचा खड्डा, पाचांचे वीस. वही नसती तर मी आजपर्यंत ती गोष्ट फायद्याची म्हणून सांगितली असती.

तुमचे आकडे आता मांडू. दर भागाभागाने, महिन्यामहिन्याने बदलतात, म्हणून मी उदाहरणाला मोठ्या जनावराचा जिवंत वजनाचा दर १३० रुपये धरतो. सुग्रास २८ रुपये किलो, पेंढा ८ रुपये. तुम्ही तुमचे दर घालून पुन्हा करा, पद्धत तीच राहील.

साधारण दीडशे किलोचं रेडकू उन्हाळ्यात: दीड किलो सुग्रास, दीड किलो पेंढा, पाण्यावर लावलेलं दहा किलो हिरवं, वर मीठ आणि खनिज मिश्रण. रोजचे ७२ रुपये. वाढ साडेपाचशे ग्रॅम. म्हणजे किलो पडला १३१ रुपयांना. विकणार १३० ला. सहा महिने शेण काढलं आणि हातात काही नाही.

तेच रेडकू पावसाळ्यात: बांधावरचं, कुळागरातलं (सुपारी-माडाच्या बागेतलं), पडीक शेतातलं गवत फुकट. एक किलो सुग्रास, किलोभर पेंढा (नुसत्या पावसाळी गवतावर शेण पातळ होतं, पेंढा हवाच), खनिज मिश्रण. रोजचे ३९ रुपये. वाढ साडेचारशे ग्रॅम. किलो पडला ८७ ला. पैसा इथे आहे.

आता २८० किलोचा रेडा उन्हाळ्यात: अडीच किलो सुग्रास, तीन किलो पेंढा, पंधरा किलो हिरवं. रोजचे १२० रुपये, वाढ साडेचारशे ग्रॅम. किलो पडला २६७ रुपयांना. दुप्पट!

असं का होतं? जनावराच्या खाण्याचा पहिला वाटा त्याचं स्वतःचं शरीर चालू ठेवण्यात जातो, उरलेल्यातून वाढ. शरीर मोठं झालं की पहिला वाटा मोठा होतो. दुसरं कारण, लहान वयात अंगावर चढतं ते हाड आणि मांस, आणि मांसात पाऊण भाग पाणी असतं. वाढ पुरी होत आली की चढते ती चरबी. चरबीत पाणी नाममात्र, ऊर्जा मात्र ठासून भरलेली, म्हणून किलोभर चरबीला किलोभर मांसापेक्षा कितीतरी जास्त दाणा लागतो. ज्या देशांत मांसात चरबीचे धागे किती यावर भाव ठरतो तिथे शेतकरी शेवटचे तीन-चार महिने जनावराला मका चारतो, कारण त्याला त्या चरबीचे पैसे मिळतात. आपल्याकडे म्हशीच्या मांसाचं गिऱ्हाईक चरबी मागत नाही. खाटीक ती काढून बाजूला टाकतो आणि भाव करताना तिचं वजन मनातल्या मनात वजा करतो. परदेशी व्हिडिओ बघून मका सुरू करणारे दोघे-तिघे मला दरवर्षी भेटतात. मका वाईट नाही, आपली बाजारपेठ वेगळी आहे.

तर आपल्याकडे ‘तयार’ करणं म्हणजे चरबी चढवणं नव्हे. हाडकुळं रेडकू मांसल करणं, एवढंच. आणि ते लहान वयातच स्वस्तात होतं.

दलाल माल कसा बघतो ते एकदा नीट पाहा. तो तोंडाकडे बघत नाही. मागून येतो, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना अंगठा दाबतो, मग तळहात आडवा ठेवून कमरेच्या हाडांवरून पुढे सरकवतो. बोटांना हाडांची टोकं लागली की हात लगेच उचलतो. नाही लागली तर हात तिथेच थांबतो, आणि तो बोलायचं टाळतो. त्या थांबलेल्या हातावर लक्ष ठेवा, तुमच्या मालाची खरी पावती ती आहे. पोटाकडे तो बघतो ते वजा करायला: पेंढ्यावर वाढलेल्या रेड्याच्या जिवंत वजनातला सहावा-पाचवा भाग नुसता पोटातला चारा-पाणी असतो. डोकं, शिंगं, जाड कातडी, आतडी गेली की १०० किलोच्या रेड्यातून हाडासकट साधारण ५० किलो उरतं. त्याचा हिशेब त्या पन्नासावर चाललेला असतो आणि आपण शंभरावर बोलत असतो.

म्हणूनच वजन कळल्याशिवाय सौदा करू नये. काटा नसला तरी फीत असते. जनावर सपाट जागी, चारही पाय सरळ, मान समोर. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत घ्या. मग खांद्याच्या टोकापासून मागे पुठ्ठ्याच्या टोकाच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोत. सकाळी, पाणी पाजण्याआधी मोजा, आणि दोनदा मोजा, कारण घेरात एक इंच चुकला तर मोठ्या जनावरात नऊ-दहा किलोंचा फरक पडतो.

तुम्ही मोठ्याची मापं कळवलीत, घेर ६०, लांबी ५२. म्हणजे २८४ किलो. पण हे सूत्र मुळात गाईबैलांच्या बांध्यावर बसवलेलं. म्हैसवर्गात, निदान माझ्या गोठ्यात, ते सहा-सात टक्के जास्त दाखवतं. मी हे ट्रकच्या काट्यावर पडताळलं. आपल्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्यात निदान काट्यांची वाण नव्हती! रिकामा टेम्पो चढवायचा, मग भरलेला. एकच जनावर नेऊ नका, ट्रकचा काटा दहा-वीस किलोंच्या पायरीने बोलतो. तीन-चार एकदम नेली की चूक वाटली जाते. असो. तुमचा रेडा २६५ धरू. धाकट्यांची मापं ४२ आणि ३६, म्हणजे ९६. तेही ९० धरू.

१३० ने मोठ्याचे होतात ३४,४५०. लहान हाडकुळ्या रेडकाला किलोला तोच दर मिळत नाही, त्यात हाडच जास्त, ११० धरू. दोघांचे १९,८००. एकूण ५४ हजारांच्या वर. दलालाला टेम्पो आहे, कागद आहेत, वाटेत जनावर दुखावलं तर तोटा त्याचा, म्हणून तीन-चार हजार त्याचे समजून सोडा. तरी ५० हजार होतात. तो ४२ म्हणतोय. तो लबाड आहे असं मी म्हणणार नाही. उक्त्या सौद्यात ज्याला वजन कळतं तो कमावतो, एवढंच. तिघांचा एक आकडा सांगण्यातही हेच. मोठ्याचा भाव बरा वाटतो आणि धाकटी दोन जवळजवळ भेट म्हणून जातात.

आणि धाकटीच तर तुमची खरी मिळकत आहे. आत्तापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत साधारण १४० दिवस. रोज साडेचारशे ग्रॅमने ६३ किलो वाढ, म्हणजे ९० चं १५३. खर्च ३९ रुपयांनी ५,४६०. आज जे ९,९०० ला जाईल ते तेव्हा अंग भरल्यामुळे १३० च्या दरात बसलं तर १९,८९० चं. किलोही वाढतात आणि किलोचा दरही वाढतो. ही दुहेरी बढती फक्त लहान वयात मिळते. खर्च वजा जाता एका रेडकामागे साडेचार हजार. फार नाहीत, पण नुसत्या गवताचे आणि तुमच्या दोन वेळच्या फेरीचे आहेत. वर शेणखत. सुपारीला, माडाला विकतचं खत घालणाऱ्याने शेणाची किंमत मला विचारू नये.

मग डिसेंबरनंतर आणखी एक वर्ष का नाही? मांडून पाहिलं आहे. जानेवारी ते मे १५० दिवस पोटापुरतं घातलं तरी रोजचे ४५ रुपये, म्हणजे ६,७५०. वाढ जेमतेम ३० किलो, म्हणजे ३,९००. तोटा २,८५०. पुढच्या पावसाळ्यात उपाशी राहिलेलं जनावर झपाट्याने भरतं हे खरं. १७५ दिवसांत ९५ किलो धरा, १२,३५० रुपये, खर्च ८,४००. फायदा ३,९५०. दोन्ही मिळून वर्षभराची कमाई हजार-अकराशे, आणि मध्ये एक जनावर दगावलं की कितीतरी वर्षांचं गेलं. ज्याच्याकडे बारमाही पाण्यावर नेपियर गवत आहे, नदीकाठी जमीन आहे, त्याचा हिशेब वेगळा येतो. तुमच्याकडे ते असतं तर तुम्ही प्रश्नात लिहिलं असतं.

डिसेंबरमध्ये नेमकं कधी? ऑक्टोबरात भात कापणी झाली की पेंढा स्वस्त असतो, तेव्हा वर्षाचा भरून ठेवा. दिवाळीच्या पाडव्याला कुणी सौद्याचं बोलत नाही. तो गोरवांचा, म्हणजे गुराढोरांचा पाडवा, त्या दिवशी त्यांच्या गळ्यात माळा असतात आणि दलालालाही ते कळतं. त्यानंतर पर्यटकांची गर्दी, ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, लग्नं, मग नाताळ. मागणी नोव्हेंबरच्या मध्यापासून चढते. २० डिसेंबरपर्यंत थांबू नका. तेव्हा सगळ्यांचे टेम्पो एकाच रस्त्याला असतात. मी पहिल्या पंधरवड्यात देतो.

चोथ्याचं. बियरचा चोथा ही चांगली वस्तू आहे. कोरड्या वजनात पाव भाग प्रथिनं असतात. पण ओल्या चोथ्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, हे दर ठरवताना ध्यानात ठेवा. दोन रुपयांनी घेतलात तरी कोरड्या हिशेबाने तो आठ-दहा रुपये पडला, वर वाहतूक. तरीही सुग्रासपेक्षा स्वस्त. दीडशे किलोच्या रेडकाला रोज चार-पाच किलोंच्या वर नको, आणि सुरुवात एका किलोने. दोन-तीन दिवसांत आंबतो, बुरशी धरतो. पावसाळ्यात तर लवकर. मी एकदा पिंप भरलं होतं, गड्याने उरलेला सगळा चोथा एकाच वेळी गव्हाणीत ओतला. दुसऱ्या सकाळी एक रेडकू दात खात उभं, डावी कूस ताणलेली, शेण आंबट वासाचं. खाण्याचा सोडा पाजला, डॉक्टर आले, तरी ते संध्याकाळपर्यंत गेलं. चोथा महाग नव्हता, ते रेडकू होतं. काजूच्या हंगामात भट्टीवर बोंडांचा चोथा पडलेला असतो तोही लोक घालतात. ओला, आंबलेला घालू नका. उन्हात खडखडीत वाळवून, थोडा थोडा, पेंडीच्या जोडीला. त्यात साखर आहे, प्रथिनं बेताची.

कोरडा पेंढाच घालायची वेळ आली तर त्यावर युरियाची प्रक्रिया करा: १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ५०-६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडून, प्लास्टिकखाली २१ दिवस हवाबंद. उघडल्यावर तासभर पसरून वास उडू द्यायचा. सहा महिन्यांखालच्या रेडकाला तो घालायचा नाही. आणि युरियाचं पाणी कुठलंही जनावर तोंड घालेल असं बादलीत ठेवायचं नाही.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही. सहा म्हशींच्या गोठ्यात दोन वर्षांत तीनच नर उरलेत. बाकीचे कुठे गेले हे मी विचारत नाही, मला माहीत आहे. नर जन्मला की त्याला दूध सोडायचं नाही, आठ-पंधरा दिवसांत ते सुकत सुकत मरतं, आणि आपण म्हणतो, ‘जगलं नाही’. खाण बंद पडल्यावर, २०१२ नंतर आणि मग २०१८ नंतर, डिचोली-सत्तरीत किती जणांनी ट्रक काढून म्हशी घेतल्या. दुधाचा हिशेब सगळ्यांना पटकन आला, रेडकाचा नाही. दोन महिने रोज दोन लिटर म्हणजे १२० लिटर दूध, ५० रुपयांनी सहा हजार. एवढं रेडकावर कोण घालणार? केंद्राने ११ व्या पंचवार्षिक योजनेत रेडकं वाचवून वाढवण्याची खास योजना आणली होती, ती याच कारणाने. पण हिशेबाची दुसरी बाजू अशी: रेडकू जिवंत असलं तर म्हैस पान्हा सोडते, इंजेक्शनाची सवय लागत नाही. पहिल्या सहा तासांत चीक पोटभर, महिनाभर दूध, तिसऱ्या आठवड्यापासून कोवळं गवत आणि मूठभर सुग्रास, दुसऱ्या महिन्यात दूध हळूहळू तोडायचं. ७०-८० लिटरमध्ये निभावतं. आणि दहा ते पंधरा दिवसांचं असताना जंतांचं औषध. म्हशीच्या दुधातूनच गोल जंत रेडकात उतरतात. हगवण लागून मेलेली बरीच रेडकं या जंतांनी मेलेली असतात. पंचवीस-तीस रुपयांचं औषध आहे.

आमची आई विक्रीच्या दिवशी अंगणात यायची नाही. आत देवाजवळ बसायची. पण नर रेडकाला दूध तोडलेलंही तिला चालायचं नाही. म्हणायची, खुंट्याला बांधून उपाशी मारण्यापेक्षा पोटभर घालून द्या. मला यावर तिच्याहून शहाणं काही सुचलेलं नाही. ज्याला विकायचंच नाही त्याने हा धंदा करू नये. पण त्याने मग रेडकाला आयुष्यभर पोसायची तयारी ठेवावी.

उसगावचं. गोवा मीट कॉम्प्लेक्सचा कत्तलखाना तिथे आहे, अंतर तुम्हाला फार नाही. पण तिथे जनावर नेणं म्हणजे विकणं नव्हे. मांस कोण उचलणार हे आधी ठरलेलं हवं, म्हणजे परवानाधारक व्यापारी हवाच. तीन जनावरांसाठी दलाल टाळून काही वाचत नाही. गावातल्या चौघा-पाचजणांनी मिळून दहा-बारा रेडे एका दिवशी, वजनावर द्यायचे ठरवले तर व्यापारी तुमच्याकडे येतो आणि किलोचा दर बोलतो. सत्तरीत हे जमवणं कठीण, प्रत्येकाला वाटतं शेजाऱ्याचा माल आपल्या मालाला खाली ओढतो. आम्हाला दोनदा जमलं, तिसऱ्यांदा भांडण झालं.

कायदा मात्र पक्का ठाऊक असू द्या. गोव्यात गाय कापायला १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. बैल, रेडे, म्हशी यांना १९९५ चा प्राणी संरक्षण कायदा लागू: कत्तलीआधी सक्षम अधिकाऱ्याचं योग्यतेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते शेतीकाम, पैदास, दूध यांना उपयोगी जनावराला मिळत नाही. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू आणि गाभण जनावर देशात कुठेच कापता येत नाही. शेजारी महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांवरही बंदी आहे, म्हैसवर्गावर नाही. कर्नाटकात २०२१ पासून १३ वर्षांवरच्या म्हशी-रेड्यांनाच परवानगी, त्यानंतर तिकडून येणारा माल आटला आणि आपल्या गोठ्याकडे दलालांच्या फेऱ्या वाढल्या. तुमच्या अंगणात तो जुलैच्या पावसात चिखल तुडवत आला, त्याचं हेही एक कारण.

विकताना कानातला १२ अंकी बिल्ला, पशुवैद्याचा आरोग्य दाखला आणि विक्रीची पावती, तिन्हींची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. मोठी जनावरं ट्रकमध्ये सहांच्या वर घालता येत नाहीत, सोबत माणूस आणि पाणी हवं. एकदा माझ्या दाखल्यावर टेम्पोचा नंबर चुकीचा पडला होता. तपासणीला थांबवलं ते सहा तास, भर उन्हात. उतरवली तेव्हा चार रेड्यांनी मिळून ५० किलोंच्या वर टाकले होते आणि खरेदीदाराने ते माझ्याकडूनच कापले. आता गाडी अंगणात उभी राहिल्यावर नंबर मी स्वतः वाचून लिहून घेतो.

वजन घटतंच, ते गृहीत धरा. रात्रभर उपाशी ठेवलं तरी चार-पाच टक्के जातं. सौदा वजनावर असेल तर चारा-पाण्यासकट तोलायचं की उपाशी, हे बोलून ठरवा. काही जण आदल्या रात्री मीठ चारून सकाळी पाणी पाजतात. करू नका. दलालाला पोट वाजवून कळतं, आणि पुढच्या वर्षी तो तुमच्याकडे चाचपायलासुद्धा येत नाही.

औषधांबद्दल दोनच गोष्टी. लाळ्या-खुरकुताची लस सहा महिन्यांनी, घटसर्पाची पावसाआधी. यंदाची राहिली असेल तर उद्याच दवाखान्यात विचारा. रानात चरायला सोडत असाल तर गोचिडांचं औषध नियमाने लावा. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाची (हा ताप गोचीड चावून येतो) माणसं सापडलीत, आणि रानातला गोचीड गोठ्यात येतो तो जनावराच्या अंगावरून. पण आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं की पाच आठवडे, आणि लांब मुदतीचं प्रतिजैविक दिलं की चार आठवडे तरी जनावर कापायला जाऊ नये. बाटलीवर मुदत छापलेली असते. डिसेंबरात विकायचं तर ही कामं ऑक्टोबरात संपवा.

खच्चीकरण? डिसेंबरात जाणाऱ्या रेडकांचं करू नका. न बडवलेलं रेडकू जलद वाढतं आणि चरबी कमी धरतं.

राहिला मोठा. २६५ किलोच्या रेड्याला पावसाळ्यात दीड किलो सुग्रास घातलं तर रोजचे ५८ रुपये, वाढ ४०० ग्रॅम, किलो १४५ ला पडतो. म्हणजे आजच तो रेषेच्या पलीकडे आहे. शिवाय दोन वर्षांचा रेडा दावं तोडतो, म्हशींवर चढतो, धाकट्यांना गव्हाणीवरून हुसकावतो. दलालाला बोलवा, धाकटी परड्यात लांब बांधा म्हणजे त्यांचा विषयच निघणार नाही, आणि मोठ्याचा वेगळा भाव सांगायला लावा. ३१ हजारांच्या वर आला तर फार ताणू नका, द्या. नाही आला तर त्याचं सुग्रास त्याच दिवशी बंद करा. नुसतं गवत, थोडा पेंढा, मीठ. रोजचे १५ रुपये आणि वाढ पाव किलो, म्हणजे किलो ६० ला. या खुराकावर तो ऑक्टोबरअखेरपर्यंत थांबू शकतो. पण गवत आधी धाकट्यांना, उरलं तर त्याला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा फीत लावा आणि मापं कळवा.